चित्रातलं पाणी, डोक्यावरचं पाणी

(कुडपण, ता. पोलादपूर इथे परिसरातल्या बायांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीचे विषय आहेत पाणी, सातबारा आणि वारसनोंद. त्यात ही बाई चित्रं घेऊन कशाला आली, असं तुमच्यातल्या काहीजणींच्या मनात आलं असेल. येणारच. पण मी चित्रापासून निघून सातबारापर्यंतच येणार आहे. मधली वाट तुमच्या पायाखालचीच आहे, त्यामुळे चुकायची भीती नाही.

ही छापील चित्रं हातोहात पुढे द्या. घाई नको. आजी, चष्मा असेल तर लावा. शंभर वर्षांपूर्वी आपल्या मुलखात जशी निसर्गचित्रं काढली जात, तशी ही आहेत. तळं आहे, काठावर झाडं आहेत, झाडांची सावली पाण्यात पडली आहे, मागे डोंगर निळसर होत गेला आहे. रंग तेलातले नाहीत, पाण्यात कालवलेले आहेत. म्हणून याला जलरंग म्हणतात.

जलरंगाची एक गंमत सांगते, ती पुढे लागणार आहे. या रंगकामात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. जिथे ऊन दाखवायचं, पाण्यावरची चकाकी दाखवायची, तिथला कागद चित्रकार कोरा ठेवतो. तुम्हाला चित्रात जो सगळ्यात मोठा उजेड दिसतो, तिथे त्याने ब्रश टेकवलेलाच नसतो. दुसरी गोष्ट, इथे चूक पुसता येत नाही. तैलरंगात वरून दुसरा थर देता येतो. इथे ओला रंग वाळायच्या आत हात चालवावा लागतो. त्यात ऊनही थांबत नाही. सकाळी नऊची सावली अकराला जागेवर नसते. तेव्हा चित्रकाराने त्या जागी जाऊन, बसून, दोन-तीन तास मान वर करून नुसतं बघायचं आणि रंगवायचं. हे ‘बसून बघणं’ लक्षात ठेवा.

ही पद्धत इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची. तिची प्रदर्शनं भरू लागली, पदकं मिळू लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेसिल बर्न्स हे जे. जे.चे प्रमुख होते, ते स्वतः जलरंगात काम करणारे. आपल्या मराठी मुलांनी हे माध्यम असं काही हाती घेतलं की बघत राहावं. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर जलरंगातले उस्ताद झाले. जलरंगाची पेटी हलकी, खांद्याला लावून कुठेही नेता येते. त्यामुळे गोरे अधिकारी आणि त्यांच्या बायका थंड हवेच्या ठिकाणी जात तेव्हा ती सोबत असे. डोंगराच्या पलीकडे महाबळेश्वर आहे. तिथल्या पॉइंटावर उभं राहून साहेबलोक ज्या कोकणाकडे बघत, तो कोकण म्हणजे तुमचं-आमचं खालचं खोरं. तिथून बघणाऱ्याला ते निळं-जांभळं दिसतं. इथून त्यात काय दिसतं ते तुम्हाला माहीत आहे.

आता ज्या माणसासाठी मी मुख्यतः ही चित्रं आणली, त्याच्याबद्दल सांगते. नाव आबालाल रहिमान, कोल्हापूरचा. मुंबईला जे. जे.मध्ये शिकला, तिथे नाव कमावलं आणि परत कोल्हापूरला आला. शाहू महाराजांनी त्याला आश्रय दिला. पण दरबारात मिरवण्यापेक्षा तो कोटितीर्थ नावाच्या तळ्याच्या काठी राहिला, फकिरासारखा. तेच तळं, तीच झाडं त्याने किती वेळा काढली त्याला गणती नाही. सकाळचं ऊन वेगळं, दुपारचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं. रंकाळा काढला, पंचगंगा काढली. शाहू महाराज १९२२ साली गेले. त्या दुःखात त्याने आपली कितीतरी चित्रं त्याच तळ्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. तो १९३१ साली वारला. आज त्याच्या हातचं थोडंच काम उरलं आहे आणि जाणकार त्याला मोठा मान देतात. मलाही त्याच्याबद्दल आदर आहे. एकाच तळ्याकडे वर्षानुवर्षं न कंटाळता बघणारा माणूस दांभिक असू शकत नाही. आज मी जे विचारणार आहे, ते त्याला दोष देण्यासाठी नाही.

विचारायचं ते हे. या तऱ्हेच्या चित्रांत माणसं कुठे असतात? नीट बघा, पुष्कळदा एखादी बाई सापडते. बोटाच्या पेराएवढी. डोक्यावर घागर, लुगड्याचा लाल नाहीतर पिवळा ठिपका. तोंड नसतं, नाक-डोळे नसतात. ती का असते? चित्र शिकवणारे सांगतात, ती असली की झाड किती उंच आहे, डोंगर किती दूर आहे, याचा अंदाज बघणाऱ्याला येतो. सगळीकडे हिरवा आणि निळा असताना लाल ठिपका डोळ्याला बरा वाटतो. थोडक्यात, ती डोंगराचं माप आहे. पट्टीसारखी.

आता तुम्ही सांगा, घागर डोक्यावर असलेल्या बाईला त्या वेळी काय दिसतं? झाडाची उंची दिसते का? तिला पुढची पायरी दिसते, निसरडा दगड दिसतो. चुंबळ सरकली तर मान कशी सांभाळायची ते तिच्या डोक्यात असतं. घरी ठेवलेलं पोर उठलं असेल का, हे असतं. चैत्र-वैशाखात झऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरताना किती वेळ गेला, हे असतं. पोटुशी असली तर अजून काय काय. हे काहीही त्या लाल ठिपक्यात उतरत नाही. चित्रातलं पाणी चकाकतं आणि डोक्यावरचं पाणी हिंदकळून पाठीवर सांडतं. दोन्ही पाणीच, पण एकाला वजन नाही.

ठिपका मोठा करून बाईलाच मध्यभागी आणलं तर प्रश्न सुटतो का? तेही झालेलं आहे. महादेव विश्वनाथ धुरंधर हे त्या काळातले फार मोठे चित्रकार. ऑटो रॉथफेल्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ‘विमेन ऑफ इंडिया’ म्हणजे ‘भारतातल्या स्त्रिया’ हे पुस्तक लिहिलं, त्यासाठी धुरंधरांनी रंगीत चित्रं काढली. कपडे, दागिने, उभं राहण्याची ढब, सगळं बारकाईने टिपलेलं. त्या चित्रांत मुंबईची कोळीण आहे, गिरणीतली कामकरीण आहे, पश्चिम घाटातली म्हणजे आपल्या डोंगरातलीही एकजण आहे. पण नावं वाचा. जात, धंदा, प्रांत. ती बाई कोण, तिला काय म्हणून हाक मारत, हे कुठेच नाही. रानातल्या झाडांना पाट्या लावाव्यात तसं झालं. चित्र सुंदर असूनही असं होऊ शकतं, हे आपण समजून घ्यायला हवं.

आणखी एक गोष्ट चित्रातल्या तळ्यात दिसत नाही. आपण महाड-पोलादपूरच्या मुलखात बसलो आहोत, म्हणून ती बोललीच पाहिजे. आबालाल कोल्हापुरात कोटितीर्थाच्या काठी रंगवत होता, त्याच काळात इथे खाली महाडच्या चवदार तळ्यावर काय चाललं होतं? मुंबई विधिमंडळात १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर. प्रत्यक्षात गुरं पाणी पीत होती आणि माणसांना बंदी होती. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, डोकी फुटली, आणि तळ्याचं म्हणे शुद्धीकरण करण्यात आलं. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, २५ तारखेला मनुस्मृती जाळली. त्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले. कोर्टातला दावा मुंबई हायकोर्टापर्यंत गेला आणि निकाल १९३७ साली लागला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ सालीच सार्वजनिक विहिरी-तळी सर्वांना खुली करण्याचे हुकूम काढले होते. म्हणजे आबालालचा आश्रयदाता राजा पाण्यावरची बंदी उठवत होता आणि आबालाल पाण्यावरचं ऊन टिपत होता. दोन्ही गोष्टी एकाच नगरात होत्या. पण निसर्गचित्राची रीतच अशी, की तळं काढायचं आणि तळं कोणाचं हे काढायचं नाही. पाणी भरायची पाळी मात्र सगळ्या जातींत बाईचीच. म्हणून पाणवठ्यावरच्या बंदीचा पहिला मार रिकाम्या हंड्यानिशी तिथून माघारी फिरणाऱ्या दलित बाईला बसत होता. आणि आपल्यापैकी सवर्ण घरांतल्या बायांनी त्या पाणवठ्यावर काय केलं, हंडा वरून ओतला की हाकलून लावलं, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. बहिणीबहिणी म्हणून एकत्र बसताना हेही बोलू या, झाकू नये.

आता दुसरा प्रश्न. चित्रात बाई आहे, मग चित्र काढणारी बाई कुठे आहे?

इंग्लंडात जलरंग हा मोठ्या घरच्या मुलींचा छंद मानला जाई. फुलं काढा, डोंगर काढा, पाहुण्यांना दाखवा. पण धंदा म्हणून, विद्या म्हणून शिकायचं म्हटलं की दार बंद. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या शाळेत १८६० साली लॉरा हरफर्ड नावाच्या बाईने आपलं चित्र पाठवताना पहिल्या नावाचं फक्त आद्याक्षर लिहिलं. पुरुष समजून प्रवेश मिळाला आणि मग त्यांना नाही म्हणता येईना! तरी जिवंत माणसाला समोर बसवून त्याचं शरीर रेखाटण्याचा वर्ग मुलींना १८९३ पर्यंत बंदच होता, आणि मग उघडला तोही अटी घालून. माणूस काढायला शिकवायचं नाही आणि मग म्हणायचं, बायकांना फुलंच जमतात.

आपल्याकडे तर फुलांचीही सवलत नव्हती. धुरंधरांची मुलगी अंबिका जे. जे.मध्ये शिकली आणि १९३१ साली पदविका घेऊन बाहेर पडली. आपल्याकडच्या अगदी पहिल्या शिक्षित स्त्री-चित्रकारांपैकी ती एक. तिने ‘माझी स्मरणचित्रे’ या नावाने आपल्या आठवणी लिहिल्या आहेत, मिळाल्या तर जरूर वाचा. गोव्याचे मोठे चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची मुलगी अँजेला, तीही तिथेच शिकली आणि चित्रकार झाली. दोघींत काय सारखं आहे? दोघींच्या घरी बाप चित्रकार होता. रंग घरात, कागद घरात, शिकवणारा घरात, आणि बाहेर जायला बापाची सोबत. ज्यांच्या घरी हे नव्हतं, त्या मुलींच्या बोटांत काय होतं ते आपल्याला कधीच कळणार नाही. लिंडा नॉक्लिन या अमेरिकन बाईंनी १९७१ साली एका लेखात विचारलं, थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत? आणि उत्तर दिलं, की ते बाईच्या बुद्धीत शोधू नका. शाळा कोणाला उघडी होती, वेळ कोणाला होता, पाठीशी कोण उभं होतं, तिथे शोधा. चित्रकाराच्या घरच्या मुलीच तेवढ्या पुढे आल्या, हेही त्यांनी दाखवलं.

निसर्गचित्राच्या बाबतीत तर शाळेच्याही आधीचा अडथळा आहे. मघाचं ‘बसून बघणं’ आठवा. कल्पना करा, कुडपणची एखादी तिशीतली सून सकाळी घरातून निघाली. हातात विळा नाही, दोरी नाही, हंडा नाही, मागे गुरं नाहीत. एका कातळावर जाऊन बसली आणि तीन तास नुसती समोरच्या डोंगराकडे बघत राहिली. काय होईल? (हसणं) हो, कोणी म्हणेल बाधा झाली. कोणी म्हणेल घरात भांडण झालं, जीव द्यायला बसली असेल. कोणी म्हणेल, कोणाची वाट बघते? आणि सासू म्हणेल, घरात काम संपलं का? बाप्याने तेच केलं तर? पारावर रोज बसतातच की, कोणी विचारत नाही.

आपल्याला बाहेर पडायला निमित्त लागतं. मोळी हे निमित्त, कवळ तोडणं हे निमित्त, कपडे धुणं हे निमित्त, देवदर्शन हे निमित्त. स्वतःसाठी, नुसतं बघायला, असं निमित्त चालत नाही. या डोंगरात सगळ्यात जास्त पायपीट करणारी आपण आणि तो डोंगर निवांत बघायचा हक्क मात्र आपल्याला नाही. आपण चळवळीत मजुरीचा हक्क मागितला, घरात राहण्याचा हक्क मागितला, मारहाणीशिवाय जगण्याचा हक्क मागितला. त्या यादीत मला एक भर घालायची आहे. थांबण्याचा हक्क. तो चैनीचा वाटतो, पण बघा, जिला थांबता येत नाही तिला विचार करता येत नाही, आणि जिला विचार करायला फुरसत नाही तिचा अंगठा कोणीही कुठेही उमटवून घेतो.

आणि इथेच आपण सातबारावर आलो.

आज जलरंगाची पेटी घेऊन येणारे थोडे, मोबाइल घेऊन येणारे फार. पावसाळ्यात कुडपणला भीमाची काठी आणि धबधबा बघायला माणसं येतात. येऊ देत, त्यांना आनंद होतो, आपल्याला चार पैसे मिळतात. पण त्यांच्या फोटोतही आपण तोच लाल ठिपका असतो. आणि आता त्या देखाव्याला किंमत आली आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर ठिकठिकाणी जमिनी घेतल्या जातात त्या पिकासाठी नाहीत, खिडकीतून डोंगर दिसावा म्हणून. जी वरकस जमीन घरचे पुरुष ‘नाचणीपुरती, कसली ती जमीन’ म्हणत, तिचं आता मोल होतं. नाचणी लावताना, राब भाजताना, खुरपताना त्या जमिनीवर वाकलेली कोण होती? बाई. मालक मुंबईत कामाला, कसणारी इथे. आणि व्यवहार ठरतो तेव्हा तिला कळतं का? सातबारावर नाव नसेल तर कळवायची गरजही कोणाला वाटत नाही.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. नवरा मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या हिश्श्यात विधवेला, मुलींना, मुलांना आणि त्याच्या आईला सारखा वाटा. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, पुढे २००५ साली तो देशभर झाला. वडील २००५ साली हयात होते की नाही यावर तो हक्क अवलंबून नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० साली स्पष्ट केलं. म्हणजे कायदा आहे. मग अडतं कुठे? अडतं ‘माहेर तुटेल’ या भीतीपाशी. राखीपौर्णिमेला साडी मिळते आणि पुढच्या आठवड्यात हक्कसोडपत्रावर सही मागितली जाते. सही करायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण वाचल्याशिवाय नाही, आणि ‘आत्ताच कर’ म्हटलं तर मुळीच नाही. थांबण्याचा हक्क तो हाच.

दुसरंही कारण आहे. जुलै २०२१ चा पाऊस तुम्हाला सांगायला नको. महाड तालुक्यातलं तळिये, आपल्या पोलादपुरातलं केवनाळे, साखर-सुतारवाडी. लांबून जो डोंगर चित्रासारखा दिसतो, तोच रात्रीतून घरावर येतो. कुठला झरा अचानक गढूळ झाला, कुठे जमिनीला भेग पडली, कुठे नवं पाणी फुटलं, हे सगळ्यात आधी कोणाच्या नजरेस येतं? जी रोज त्या वाटेने पाण्याला जाते तिच्या. पण आराखडे करायला येणारे साहेब विचारतात सरपंचाला, पोलीसपाटलाला. तुमची नजर कोणत्याच कागदावर चढत नाही. जलरंगात कोरा ठेवलेला कागद सगळ्या चित्राला उजेड देतो म्हणाले ना मी? तसं तुमचं काम आहे. त्याच्यावर सगळं गाव दिसतं आणि ते स्वतः कोरं राहतं. चित्रकाराला कागद कोरा ठेवायला परवानगी आहे. गावाच्या दप्तराला नाही.

म्हणून आज भाषणानंतर आपण एक काम करायचं आहे. सोबत मोठे कागद आणि खडू आहेत, रांगोळीही आहे. जिला लिहिता येत नाही तिनेही यायचं, किंबहुना तिनेच आधी यायचं. वाडीवाडीच्या बायांनी आपापल्या परिसराचं चित्र काढायचं. सुंदर यावं म्हणून धडपडू नका. कुठला झरा मे महिन्यापर्यंत टिकतो आणि कुठला होळीलाच आटतो. पाण्याला जायची वाट कुठे घसरते. मोळी कुठून येते. जमीन कुठे सरकल्यासारखी वाटते. बाळंतपणाची अडलेली बाई रस्त्यापर्यंत कुठून न्यावी लागते. कुठल्या पाणवठ्यावर अजूनही कोणाला अवघडल्यासारखं होतं, तेही. आणि शेवटी प्रत्येक तुकड्यावर दोन नावं लिहायची, कसते कोण आणि सातबारावर कोण. ज्या तुकड्यावर दोन्ही जागी एकाच बाईचं नाव येईल, तिथे लाल ठिपका द्यायचा. किती येतात ते मोजू. पुढच्या ग्रामसभेत हाच कागद घेऊन आपण सगळ्या जायचं आणि तिथल्या भिंतीवर लावायचा. खाली काढणाऱ्यांची नावं लिहायची, पूर्ण नावं. अमक्याची बायको, तमक्याची सून असं नको.

चला, वाडीप्रमाणे बसा. पहिली खूण पाण्याची करा.